आधी न्यूट्रल, मग नेटवर्क

वाचकांचे प्रश्न : विद्युत काम

प्रश्न : मी उचगावचा. कळंबा येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तारतंत्री हा व्यवसाय शिकून गेली 19 वर्षे कोल्हापुरात घरांचे फिटिंग करीत आहे. वर्षभरापासून बंगल्यांतील ग्राहक मोबाइलवर चालणारे स्विच मागू लागले आहेत. ताराबाई पार्कातील एका दुमजली घरात मी तसे चार मॉड्यूल (स्विचबोर्डात बसणारी छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रे) बसविले. जिन्यातील टू-वे स्विचच्या (एकच दिवा खालून व वरूनही लावता येणाऱ्या स्विचच्या) बोर्डात न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी तार, नव्हता, म्हणून वरच्या मजल्यावरील खोलीच्या बोर्डातून तो ओढला आणि न्यूट्रल आलाच आहे तर म्हणून तेथे मोबाइल चार्जिंगसाठी एक सॉकेटही दिले. जिन्याचा दिवा खालच्या मजल्याच्या सर्किटवर आहे आणि दोन्ही मजल्यांना स्वतंत्र आरसीसीबी (प्रवाहाची गळती झाली की आपोआप पडणारे सुरक्षा स्विच) आहेत. तेव्हापासून कधी खालची आरसीसीबी पडते, कधी वरची, आणि कधी आठ-आठ दिवस काहीच होत नाही. मॉड्यूलच खराब असेल असे समजून ते बदलून घेतले, तरी फरक पडला नाही. ग्राहकासमोर मान खाली घालावी लागली. आता एक खासगी संस्था दोन दिवसांचे होम ऑटोमेशनचे प्रशिक्षण देत आहे. शुल्क माझ्या महिन्याच्या कमाईइतके आहे. माझे वय 42, इंग्रजी बेताचे. हे मला जमेल काय, आणि ते शुल्क भरावे काय?

उत्तर : आपल्या कामातील दोष आधी सोडवू, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. आरसीसीबी ही फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करीत असते आणि घरगुती वापराच्या नेहमीच्या आरसीसीबीत ही तफावत 30 मिलिअँपिअरपर्यंत पोहोचली की ती पुरवठा तोडते. आपल्या जिन्यात फेज खालच्या आरसीसीबीतून येतो आणि न्यूट्रल वरच्या आरसीसीबीतून परत जातो. मॉड्यूल स्वतः फारच थोडा प्रवाह घेते, त्यामुळे काही दिवस सारे सुरळीत दिसते. मात्र कोणी त्या सॉकेटला चार्जर लावला की गेलेला प्रवाह खालच्या आरसीसीबीकडे परतत नाही, आणि वरच्या आरसीसीबीला तिच्यातून न गेलेला प्रवाह परत येताना दिसतो. दोहोंपैकी जी आधी जागी होईल ती पडते. मॉड्यूल पहिल्यापासून निर्दोष होते. जिन्याच्या दिव्यापाशी त्याच सर्किटचा न्यूट्रल आहेच. तेथून त्याच पाइपातून एक तार बोर्डापर्यंत आणावी आणि उसना न्यूट्रल दोन्ही टोकांना सोडवून टाकावा.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, निदेशक म्हणून शिकविताना आणि नंतर मिस्त्रींबरोबर साइटवर फिरताना या कामातील ज्या तक्रारी मी पाहिल्या, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ मोबाइलमध्ये सापडले नाही. ते बोर्डाच्या मागे सापडले. स्विचमधून दिव्याकडे जाणारी तार, जिला आपण हाफ म्हणतो, ती आणि फेज एवढ्यावर साध्या स्विचचे भागते. मॉड्यूलला मात्र स्वतः जागे राहण्यासाठी चोवीस तास पुरवठा लागतो, म्हणून त्याला न्यूट्रल हवा. ज्या बोर्डात सॉकेट आहे तेथे तो बहुधा मिळतो, पण जिना, व्हरांडा आणि बाथरूमच्या बाहेरचे बोर्ड येथे तो अनेकदा नसतो. अशा वेळी हिरवी, म्हणजे अर्थिंगची, तार न्यूट्रल म्हणून जोडणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. कृपया हे कधीही, एका रात्रीपुरतेही, करू नये. अर्थिंगची तार वाटेत कोठे तुटली तर त्या मॉड्यूलमधून आलेला फेज तिला जोडलेल्या फ्रिजच्या व धुलाई यंत्राच्या पत्र्यापर्यंत पोहोचतो, आणि पत्र्याला हात लावणाऱ्याला त्याची पूर्वसूचना मिळत नाही. न्यूट्रलविना चालणारे स्विचही बाजारात आहेत. ते आपला तुटपुंजा प्रवाह दिव्यातूनच घेतात. त्यामुळे कमी वॅटचा एलईडी दिवा बंद असतानाही मंद तेवतो किंवा लुकलुकतो, आणि मग दिव्याला समांतर लहान कपॅसिटर जोडावा लागतो. नवीन तार ओढणे शक्य असेल तेथे मी तीच ओढायला सांगेन.

दुसरा पाठ लोडचा, म्हणजे उपकरण जो भार ओढते त्याचा. मॉड्यूलवर 10 अँपिअर लिहिलेले असते. हा आकडा साधारणपणे हीटरसारख्या रोधक लोडसाठी असतो, हे वेष्टनावर बारीक अक्षरांत असते. 230 व्होल्टला 2000 वॅटचा गीझर सुमारे 8.7 अँपिअर घेतो, म्हणजे तो कागदावर बसतो. पण तेवढा प्रवाह रोज अर्धा तास मॉड्यूलमधील त्या लहानशा रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) नेणे मला पसंत नाही, आणि 3000 वॅटचा गीझर तर 13 अँपिअर घेऊन कागदावरही बसत नाही. पाण्याच्या टाकीची मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि त्या क्षणी रिलेचे संपर्क चिकटले, तर मोबाइलवर बंद दिसणारी मोटर चालूच राहते. गीझर आणि मोटर यांसाठी मॉड्यूलने कॉन्टॅक्टरची (मोठा प्रवाह पेलणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची) कॉइल चालवावी आणि लोड कॉन्टॅक्टरने उचलावा. पंख्याचा वेग दिव्याच्या डिमरने कमी करू नये. त्यासाठी कपॅसिटरचे टप्पे असलेले पंख्याचे स्वतंत्र मॉड्यूल घ्यावे. आणि एक सेटिंग अशी आहे की जी तपासल्याशिवाय मी विद्यार्थ्याला साइट सोडू देत नसे : वीज गेल्यानंतर परत आली की स्विच चालू व्हावा, बंद राहावा, की आधीच्या स्थितीत यावा? गीझरसाठी तो बंदच राहिला पाहिजे. घरातील माणसे गावाला गेलेली असताना पहाटे वीज परत येऊन गीझर आपोआप सुरू झाला, तर त्याची जबाबदारी सेटिंग करणाऱ्यावर येते.

आपल्याकडचे वळवाचे पाऊस विजा घेऊन येतात, हेही लक्षात असू द्यावे. साध्या स्विचला वाढीव दाबाची क्षणिक लाट सोसते, इलेक्ट्रॉनिक्सला सोसत नाही. म्हणून मुख्य डीबीत (घराच्या वीज वितरण पेटीत) ही लाट अडविणारे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसविण्याचा आग्रह ग्राहकाकडे धरावा, आणि ते बसविण्यापूर्वी अर्थिंग मोजावे, कारण अर्थिंग नीट नसेल तर ते यंत्र शोभेपुरतेच राहते. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्या घरांत पाणी शिरले, तेथे डीबी व मॉड्यूल पाण्याच्या खुणेच्या वर घ्यावेत. पाण्यात बुडालेले मॉड्यूल वाळवून पुन्हा लावू नये.

नेटवर्क हा भाग आपल्याला खरोखर नवा आहे, पण तो अवघड नाही. घरगुती स्विचपैकी बहुतेक वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात. राउटर 5 गिगाहर्ट्झवर असेल आणि मोबाइल त्याला जोडलेला असेल, तर काही मॉड्यूल पहिल्यांदा जोडताना अडतात, आणि मिस्त्री तासभर मॉड्यूलला दोष देत बसतो. भिंतीतील पत्र्याचा बॉक्स लहरी अडवितो. मंगळवार पेठेतील जुन्या घरांच्या जाड भिंतींतून पलीकडच्या खोलीत सिग्नल फारच क्षीण होतो. तेथे झिगबी ही बिनतारी पद्धत उपयोगी पडते, कारण तीत कायम वीज असलेले प्रत्येक मॉड्यूल पुढच्याला निरोप पोहोचविते. झेड-वेव्ह नावाची दुसरी पद्धत भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, म्हणून परदेशातून आणलेले झेड-वेव्हचे सामान येथील सामानाशी बोलेलच असे नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत म्हणून मॅटर नावाचे प्रमाण 2022 मध्ये आले. नवे सामान घेताना त्याची खूण पाहावी. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. एवढे कळले की पहिल्या वर्षापुरते पुष्कळ झाले.

मोठे बंगले आणि हॉटेले यांत केएनएक्स पद्धत वापरतात. तीत स्विचपर्यंत 230 व्होल्ट जातच नाहीत. सुमारे 30 व्होल्ट डीसीची बस केबल सर्व स्विचना जोडते आणि प्रत्यक्ष लोड डीबीतील अॅक्च्युएटर (निरोप मिळताच लोड चालू-बंद करणारी उपकरणे) उचलतात. दिव्यांसाठी डाली नावाची पद्धत आहे, तीत एका लाइनवर 64 दिव्यांपर्यंत पत्ते देता येतात. केएनएक्ससाठी लॅपटॉपवरील ईटीएस हे सॉफ्टवेअर आणि मान्यताप्राप्त केंद्रातील अभ्यासक्रम लागतो. ते पाऊल दोन-तीन वर्षे मॉड्यूलचे काम केल्यावर उचलावे.

आता शुल्काविषयी. संस्थेला तीन गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला 230 व्होल्टच्या चालू बोर्डावर स्वतः जोडणी करावी लागते काय? किमान दोन कंपन्यांचे सामान हाताळायला मिळते काय? मुद्दाम दोष घालून तो शोधायला लावतात काय? तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले, तर दोन दिवस एका कंपनीचे अॅप दाबण्यात जाणार आहेत, आणि तेवढे ती कंपनी आपल्या विक्रेत्यामार्फत फुकट शिकविते. मी आपल्या जागी असतो, तर ती रक्कम घरीच वापरली असती : एक प्लायचा फळा, त्यावर डीबी, आरसीसीबी, टू-वे जोडणी, एक पंखा, दोन दिवे, एक जुना राउटर, आणि दोन कंपन्यांची मॉड्यूल. आपण लिहिलेला उसन्या न्यूट्रलचा दोष त्या फळ्यावर पुन्हा घडवून पाहावा. इंग्रजीची चिंता करू नये. जोडणीच्या आकृतीत एल (फेज), एन (न्यूट्रल), एस (स्विच) अशी मोजकीच अक्षरे असतात, आणि अॅपमधील कामाचे शब्द पंचवीस-तीस असतील. ते एका वहीत मराठी अर्थासह लिहून ठेवावेत. फेज कोठून येतो आणि न्यूट्रल कोठे जातो हे भिंत न फोडता ओळखण्याची जी नजर आपल्याला 19 वर्षांत आली आहे, ती कोणताही दोन दिवसांचा वर्ग देऊ शकत नाही.

प्रश्न : मी वीजतंत्री व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. मला होम ऑटोमेशनमध्येच काम करायचे आहे. हे मोबाइलचे काम असल्यामुळे तारतंत्री परवाना लागत नाही, असे एका विक्रेत्याने सांगितले. ते बरोबर आहे काय? (एक विद्यार्थिनी, कसबा बावडा)

उत्तर : बरोबर नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत, ज्यांची सध्याची आवृत्ती 2023 ची आहे, विद्युत मांडणीतील भर, बदल व दुरुस्ती ही कामे परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावीत, असे तत्त्व आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच यांची मांडणीच्या क्षमतेत व स्वरूपात बदल न करणारी अदलाबदल यातून वगळली आहे, आणि विक्रेता बहुधा त्याच वाटेने बोलत असावा. परंतु नवा न्यूट्रल ओढणे, कॉन्टॅक्टर बसविणे, गीझरचे सर्किट वेगळे करणे ही कामे त्या सवलतीत बसत नाहीत, आणि याशिवाय हा व्यवसाय होत नाही. आपण शिक्षण पूर्ण करावे, शिकाऊ उमेदवारी चांगल्या ठेकेदाराकडे करावी आणि राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना घ्यावा.

प्रश्न : ग्राहकांना अॅप जमत नाही, म्हणून मी सर्व घरांची मॉड्यूल माझ्याच मोबाइलच्या खात्यावर जोडली. आता तो मोबाइल हरवला आहे. काय करावे? (एक वायरमन, गांधीनगर)

उत्तर : दुसऱ्या मोबाइलवरून आजच खात्याचा पासवर्ड बदलावा व हरवलेल्या मोबाइलचा प्रवेश बंद करावा. नंतर प्रत्येक घरी जाऊन मॉड्यूल रीसेट करावीत आणि ती ग्राहकाच्या स्वतःच्या खात्यावर, त्याच्या मोबाइल क्रमांकाने, त्याच्यासमोर जोडावीत. या फेऱ्यांचे पैसे घेऊ नयेत. कोणत्या घरात रात्री किती वाजता दिवे मालवतात आणि कोणते घर चार दिवस बंद आहे, हे आपल्या हरवलेल्या मोबाइलवर दिसत होते. दाराचे कुलूपही त्यावर असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. वयस्कर ग्राहकांना अॅप खरोखरच जमत नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्या मुलाचे किंवा सुनेचे खाते घ्यावे, आणि भिंतीवरचा साधा स्विच पूर्वीसारखाच चालेल अशीच जोडणी करावी. निघताना कोणते मॉड्यूल कोणत्या बोर्डात आहे, त्याचा फेज व न्यूट्रल कोणत्या सर्किटचा आहे, एवढे मराठीत कागदावर लिहून तो कागद डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा.