टाक्याची गाठ पाळीतच का ठणकते?

प्रश्न : मॅडम, माझं सीझर होऊन चार वर्षं झाली. दीडेक वर्षापासून टाक्याच्या उजव्या टोकाला सुपारीएवढी गाठ लागतीये. पाळीच्या आदल्या दिवसापासून अशी ठणकते की पोळ्या लाटताना ओट्याची कड लागली तरी डोळ्यांतून पाणी येतं, आणि पाळी संपली की गप्प. एक डॉक्टर म्हणाले टाक्याचा दोरा राहिलाय, अँटिबायोटिक दिलं, दुसरे म्हणाले हर्निया. सासूबाई म्हणतात बाळंतपणात वातूळ खाल्लंस. कॅन्सर नसेल ना?

उत्तर : ताई, सासूबाईंना सांगा, वातुळाचा काही संबंध नाही, वांगी खुशाल खा. दुखणं पाळीबरोबर येतं-जातं आणि गाठ सीझरच्या टाक्यावर, एवढं जुळलं की मला पहिला संशय स्कार एंडोमेट्रिओसिसचा येतो. सीझरमध्ये गर्भाशय उघडतात तेव्हा आतल्या अस्तराच्या पेशी कधीकधी पोटाच्या कापलेल्या थरांत सांडतात नि तिथेच रुजतात, मग दर महिन्याला त्या तिथे बसूनही गर्भाशयात असल्यासारख्याच फुगतात, थोडं रक्त सोडतात, त्याला बाहेर पडायला वाट नाही म्हणून ठणका. होतं फार थोड्या जणींना, पण सीझरच इतकी वाढलीयेत (२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २५ टक्के बाळंतपणं सीझरची होती) की अशा गाठी दिसतातच. आणि चुकतात, कारण पाळीत दुखायचंच म्हणून बायका तारखेचं बोलत नाहीत आणि आम्ही डॉक्टरही विचारत नाही, कबूल.

सोनोग्राफी ठणकायच्या दिवसांतच करा, आणि सांगून करा की टाक्याची जागा बघायचीये, नुसत्या पोटाच्या सोनोग्राफीत ही गाठ सुटू शकते. खोल वाटली तर एमआरआय. हर्निया नाही हे पक्कं होईपर्यंत गाठीत सुई घालू देऊ नका.

हार्मोनच्या गोळ्यांनी दुखणं दबतं, गाठ जात नाही, गोळ्या थांबल्या की बहुतेक वेळा पुन्हा सुरू. त्यामुळे ऑपरेशनच, तेही भोवतीचा साधारण एक सेंटिमीटर चांगला भाग घेऊन, नाहीतर उरलेलं परत वाढतं. गाठ स्नायूंच्या आवरणात शिरलेली असेल तर तिथे जाळी बसवावी लागू शकते, म्हणून लहान असतानाच काढलेली बरी. यातून कॅन्सर होणं अगदी क्वचित, तरी काढलेली गाठ तपासायला पाठवतातच, तो रिपोर्ट मागून घ्या. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर गोळ्या सुरू करायच्या आधी सांगा, त्या चालू असताना चान्स घेता येत नाही.