अमेरिकन रॉक बँड ग्रीन डेचा ‘डुकी’ हा अल्बम खरा पंक (बंडखोर, खडबडीत रॉक) म्हणावा की विकाऊ? आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?

‘विकाऊ’ हा शब्द २००१ साली माझ्याच बँडच्या ड्रमरने मला उद्देशून वापरला होता, आणि तोही याच अल्बमचा दाखला देऊन. त्यामुळे आपला प्रश्न वाचून मला गप्प बसवले नाही.

ग्रीन डेसारखे आम्हीही तिघेच होतो. पुण्यात एका बंगल्याच्या तळघरातील स्टुडिओत वर्गणी काढून आम्ही पाच गाणी रेकॉर्ड केली. पहिल्या मिक्समध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवल्यावर, ड्रमच्या सिम्बलचा झणझणाट इतका वर आला होता की गायकाचे शब्द त्यात बुडाले होते, आणि माझा बेस तर शेजारच्या खोलीत कोणीतरी कपाट सरकवत असल्यासारखा ऐकू येत होता. मी माझा अँप्लिफायर विकला आणि त्या पैशांतून पुन्हा मिक्सिंग करून घेतले. ड्रमरचे म्हणणे असे की, आवाज घासूनपुसून लख्ख केला की त्यातला पंक संपतो आणि ग्रीन डेने मोठ्या रेकॉर्ड कंपनीत जाऊन हेच पाप केले. त्यानंतर तो जॅमिंगला आलाच नाही.

त्याचे म्हणणे तेव्हाही चूक होते आणि आजही चूकच आहे. ‘डुकी’ १९९३ साली बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत साधारण तीन आठवड्यांत रेकॉर्ड झाला. निर्माता रॉब कव्हालो होता. पहिले मिक्स बँडलाच पसंत पडले नाही, म्हणून ते दुसऱ्यांदा करण्यात आले. आपले गाणे लोकांना नीट ऐकू जावे असे वाटण्यात कसली आली गद्दारी? १ फेब्रुवारी १९९४ रोजी रिप्राइज या मोठ्या कंपनीने अल्बम बाजारात आणला, तोवर ज्या ९२४ गिलमन स्ट्रीट क्लबात ही मुले घडली, त्याचे दार त्यांना बंद झाले होते. तरीही दौऱ्यांसाठी त्यांची गाडी म्हणजे एक जुने फिरते वाचनालय होते, आणि ते चालवायला ड्रमर ट्रे कूलचे वडील. ऑगस्टमध्ये वुडस्टॉक संगीत महोत्सवात बँड आणि प्रेक्षकांत चिखलफेक झाली, तेव्हा मंचावर घुसलेला कोणी प्रेक्षक समजून सुरक्षारक्षकाने बेसवादक माइक डर्न्टलाच आडवे केले व त्याचे दात तुटले. पुढे ग्रॅमी मिळाले आणि एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक प्रती खपल्या, परंतु खप हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे.

एक मात्र मान्य करतो. मोठ्या कंपनीच्या बँडना मंच न देण्याचा गिलमनचा नियम त्या क्लबच्या हक्काचा होता, कारण ती जागा स्वयंसेवक चालवत आणि तिचा निर्णय त्यांनीच घ्यायचा. तो नियम कंपनीविषयी होता, मिक्सविषयी नव्हता.

सुरुवात ‘वेलकम टू पॅराडाईज’पासून करावी. हे गाणे त्यांनी आधी लुकआउट या छोट्या कंपनीच्या ‘केरप्लंक’वर घेतले होते आणि ‘डुकी’साठी पुन्हा रेकॉर्ड केले. दोन्ही लागोपाठ, हेडफोन लावून ऐका. मध्यावर शब्द थांबतात तिथे बेसकडे लक्ष द्या आणि संताप कुठे कमी झाला आहे ते शोधा. माझ्या ड्रमरने ही दोन रेकॉर्डिंग कधीच लागोपाठ ऐकली नाहीत.