गडचिरोली जिल्हा इतका ओसाड का आहे? तिकडे बदली झाली आहे, जावं का?

ओसाड म्हणजे जिथे पूर्वी वस्ती होती आणि आता नाही ते. भूकंपानंतरचं जुनं किल्लारी ओसाड. गडचिरोली विरळ आहे. तेहतीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे आधी शब्द दुरुस्त केला, राग मानू नका. की माना, हरकत नाही. बदलीची ऑर्डर हातात आल्यावर लोक 'ओसाड', 'काळं पाणी' असले शब्द वापरतात, त्याचा राग मलाही येतो.

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली झाली आहे, जिल्ह्याचा इतिहास-भूगोल थोडक्यात हवा आहे, लोकसंख्या एवढी कमी का ते सांगा, आणि बायको व लहान मुलीला सोबत न्यावं का तेही सांगा. मी आरमोरीकडचा, म्हणजे जिल्ह्याच्या वरच्या, भातवाल्या अंगाचा. नोकरीतली नऊ वर्षं मात्र भामरागड तालुक्यात काढली. त्या भरवशावर लिहितो.

आकडे २०११च्या जनगणनेचे. जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२. क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. घनता ७४, तेव्हा राज्याची ३६५. म्हणजे जवळजवळ चार गोवे मावतील एवढी जमीन, आणि माणसं एका गोव्यापेक्षा कमी. भामरागड तालुक्यात तर अख्ख्या तालुक्याची मिळून ३६ हजारांच्या आसपास. पुण्यात एखाद्या उपनगरात एवढी निघतील. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ९८२, राज्यात तेव्हा ९२९. हा शेवटचा आकडा बदलीची ऑर्डर घेऊन रडणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही, म्हणून सांगितला.

भूगोल नद्यांवरून ध्यानात ठेवा. पश्चिमेच्या कडेने वैनगंगा उतरते, चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि पुढे तिचंच नाव प्राणहिता होतं. ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पूर्वेला छत्तीसगडच्या हद्दीवर इंद्रावती. तीन बाजूंनी पाणी आणि मधे जंगल, जिल्ह्याच्या पाऊण भागावर. आत पुन्हा पर्लकोटा, पामुलगौतम, बांडिया, दिना, कठाणी. आमच्या वेळी पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड जगापासून तुटायचं, आणि हे पावसाळ्यात एकदा नाही, अनेकदा. रेल्वे म्हणाल तर वडसा. म्हणजे जिल्ह्याच्या वरच्या टोकाला रूळ नुसते शिवून जातात. वडसा ते गडचिरोली मार्गाचं काम चालू आहे, ते होईल तेव्हा खरं.

इतिहासात राष्ट्रकूट, यादव वगैरे गॅझेटियरात वाचा. चामोर्शीजवळ वैनगंगेकाठी मार्कंड्याची देवळं आहेत, महाशिवरात्रीला जत्रा भरते, तेव्हा जाऊन या. मुद्द्याचं एवढंच की चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनंतर नागपूरकर भोसले आणि भोसल्यांनंतर इंग्रज आले तरी या भागात खरा अंमल जमीनदारांचा होता, अहेरीची जमीनदारी त्यात सगळ्यात मोठी. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. गडचिरोली तहसील झाली १९०५ मध्ये, जमीनदारीचे तुकडे जोडून. जमीनदारी गेली १९५१ साली. जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूर तोडून. तोवर सिरोंच्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीतल्या कागदासाठी चंद्रपूर गाठावं लागे.

माणसं कमी का, याची कारणं यातच आहेत. राखीव जंगल, त्यामुळे नांगराखाली जमीन थोडी. नद्या, त्यामुळे रस्ते थोडे. हिवताप. आणि बाळं मरत होती, हे कुणी स्वच्छ शब्दांत लिहीत नाही. डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ पासून इथे काम करतात. गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची काळजी घरच्या घरी घ्यायची त्यांची पद्धत पुढे देशाने उचलली, ती इथल्या मरणांमुळे शोधावी लागली. वडसा, आरमोरी, चामोर्शीकडे मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, आहेत, बोड्या, म्हणजे शेततळी, आहेत, भात आहे, तिथे वस्ती दाट आहे. ७४ ही सरासरी आहे, आणि सरासरी गावात राहत नाही.

आता मला जे सांगायचंय ते.

२०११च्या जनगणनेत मी प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजणारा, होतो. फेब्रुवारीची ९ ते २८ ही मुदत. माझ्या गटात एक टोला, म्हणजे छोटी वाडी, होता, नाव मुद्दाम लिहीत नाही. शाळेपासून सात किलोमीटर. सायकल नाल्यापर्यंत, पुढे चप्पल हातात घेऊन. फॉर्म मशीनवर वाचले जाणार म्हणून दुमडायचे नाहीत, ओले करायचे नाहीत, काळ्याच पेनाने लिहायचे, अशी ट्रेनिंगमध्ये तंबी. मी ते युरियाच्या पोत्यात घालून, वर टॉवेल गुंडाळून छातीशी धरून नेले. लहान पोराला नाला ओलांडून नेतात तसे.

सतरा घरं. कुडाच्या भिंती, बांबूचं कुंपण, दोन घरांत बोलावं तर ओरडावं लागेल एवढं अंतर. पाटलाने अंगणात बाज टाकली, कोसरी नावाच्या बारीक भरडधान्याची अंबील दिली आणि एकेका घराला हाक मारली. वयाचा रकाना म्हणजे परीक्षा. एका बाईला विचारलं, जन्म कधीचा? तिने जमिनीपासून हात उचलून मांडीएवढा धरला आणि म्हणाली, हेमलकशाला दवाखानेवाले आले तेव्हा मी एवढी. तो दवाखाना म्हणजे आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प, सुरू झाला १९७३ ला. हाताची उंची पाहून मी चार वर्षं धरली आणि एक्केचाळीस लिहिलं. भारत सरकारच्या कागदावर त्या बाईचं वय तिच्या तळहाताच्या उंचीवरून गेलंय.

तेरा घरांची एकाहत्तर माणसं झाली. चार घरांना ताटी, म्हणजे बांबूचं दार, लावून वेलाने बांधलेली.

"हे कुठे गेले?"

"मिरची तोडाले गेले ना, गुरुजी. खाली, तेलंगणात."

तेव्हा तिकडे आंध्र प्रदेशच होता, पण आमच्याकडे तेलंगण हाच शब्द. जानेवारीच्या शेवटी ट्रॅक्टर येतो, घरंच्या घरं मिरचीवर जातात आणि तेंदूपत्त्याच्या आधी एप्रिलमध्ये परततात. पाटलाने चारही घरांची नावं बोटांवर मोजून सांगितली. एकोणीस माणसं. त्यातली पाच पोरं माझ्याच शाळेच्या हजेरीपटावर होती.

नियम असा की मुदतीच्या वीसही दिवसांत जो घरी नव्हता, त्याला त्या गावात मोजायचं नाही. तो जिथे असेल तिथला प्रगणक त्याला मोजेल. मी २७ तारखेला पुन्हा चक्कर मारली. ताट्या तशाच. तालुक्याला पर्यवेक्षकांना म्हटलं, साहेब, ही पाच पोरं माझ्या हजेरीपटावर आहेत, मी यांना ओळखतो, एकाचं नाक मी रोज पुसतो. ते म्हणाले, "हजेरीपट शाळेचा आहे, हा फॉर्म भारत सरकारचा आहे. कुलूपबंद घर, विषय संपला." मी म्हटलं कुलूप कुठंय, वेल बांधलाय. त्यावरून चहाच्या टपरीवर हशा झाला आणि पुढची दोन वर्षं मला 'वेलवाले गुरुजी' म्हणत.

एप्रिलमध्ये ते लोक आले. मजुरीचा काही भाग मिरचीच मिळते, तर चार पोती मिरच्या अंगणात वाळत घातलेल्या, आम्ही शिंकतोय, आणि मी विचारतोय की तिकडे कुणी तुमची नावं लिहून नेली का. कुणी नाही. शेताच्या कडेला पाल टाकून राहिले होते. मालक यायचा, पोती मोजायचा, जायचा.

एका टोल्यात नव्वदातले एकोणीस. आता सांगा, ७४ मधले किती?

हे मी २०१२च्या दिवाळीत माझ्या साडूला सांगितलं. तो पुण्यात बँकेत. तो म्हणाला, "पाच-पंचवीस इकडे-तिकडे, त्याने काय होतं? माणसंच नाहीत तर पूल बांधून वापरणार कोण, वाघ?" सगळे हसले, माझी बायकोसुद्धा. मी तेव्हा गप्प बसलो, कारण दिवाळी त्याच्या घरी होती. आज लिहितो.

माणसांच्या मोजणीवरच सगळं वाटतात. जिल्ह्याचं क्षेत्रफळ राज्याच्या पावणेपाच टक्के आणि आमदार २८८ मध्ये तीन, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी. लोकसभेची एक जागा भरायला गोंदियातलं आमगाव आणि चंद्रपुरातलं ब्रह्मपुरी व चिमूर जोडावं लागतं. माणसं कमी म्हणून पूल नाही, पूल नाही म्हणून बाळंतीण खाटेवर टाकून नदी ओलांडते, आणि मग दहा वर्षांनी पुन्हा माणसं कमी. याला साडूच्या बँकेत काय म्हणतात ते तो जाणे.

दुसरं, घनता काढताना ज्याने भागता ते जंगल रिकामं धरता. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. 'दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्याच गावाची. पाचशेच्या आसपास माणसं आणि २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला तो सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. भागाकार केला तर चौरस किलोमीटरला सत्तावीस-अठ्ठावीस. पण त्या जंगलातला बांबू ग्रामसभा विकते, मोह, चारोळी, डिंक तिथूनच येतो. कोकणातल्या माणसाची आमराई कुणी ओसाड म्हणत नाही.

आता थोडं मागे घेतो, नाहीतर साडू वाचेल आणि पकडेल. पर्यवेक्षकांचं नियमाने बरोबर होतं. मी म्हणालो तसं प्रत्येकाने हजेरीपटावरून नावं भरली असती तर काही माणसं दोनदा मोजली गेली असती. एका टोल्यावरून जिल्ह्याचं गणितही निघत नाही, मिरचीवर सगळीच गावं जात नाहीत. आणि आकडे जुने आहेत, २०२१ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ची. तुम्ही सरकारी नोकर आहात, तुमच्या गळ्यात ती ड्यूटी पडेलच. मुदत पुन्हा फेब्रुवारीचीच आली तर ताटी बांधलेली घरं टिपून ठेवा, वेगळ्या वहीत का होईना. माझी वही अजून माझ्याकडे आहे.

कुटुंबाचं राहिलं. ते तालुक्यावर आहे आणि तालुका तुम्ही लिहिलाच नाही. वडसा-आरमोरी मिळालं तर काहीच अडचण नाही, दिवाळीनंतर रात्र-रात्र झाडीपट्टीची नाटकं बघाल. मुलचेऱ्याला शेजारी बंगाली बोलणारे निघतील, निर्वासितांची वस्ती आहे. सिरोंच्याला मुलगी सहा महिन्यांत तेलुगू बोलेल. एटापल्ली, भामरागड असेल तर पहिला पावसाळा एकटे काढा आणि मच्छरदाणी सोडू नका. मला हिवताप दोनदा झाला, दोन्ही वेळा मच्छरदाणी धुवायला टाकली होती. नक्षलवादाचं विचाराल तर आमच्या वेळची भीती आता राहिलेली नाही, पण ते तिथल्या ठाण्यात विचारा, मला नको. एकस्तर, म्हणजे एक पायरी वरच्या पदाची, वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता लागू असेल तर रुजू झाल्या दिवशीच अर्ज टाका, मागाहून फाइल हलत नाही. दारूबंदी १९९३ पासून आहे, मोहाची मिळते, घेऊ नका.

आणि मार्चमध्ये पोचलात तर सकाळी गावात कुणी भेटणार नाही. मोह पडत असतो, सगळे टोपल्या घेऊन झाडाखाली. कचेरीचं काम दुपारनंतर काढा. मी हजेरी अकराला घ्यायचो.