बहिणीला पीएचडी करू द्यावी का?

प्रश्न : मॅडम, आम्ही दारव्हा तालुक्यातले. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. धाकटी बहीण अमरावतीला एमएस्सी फिजिक्स करते. तिला कणभौतिकीत, म्हणजे अणूहूनही लहान कणांच्या अभ्यासात, पीएचडी करायची आहे. तुम्ही ती करूनही शेवटी कंपनीतच गेलात. मग एवढी वर्षं वाया गेली ना? घरचे म्हणतात, बी.एड. कर.
– एक भाऊ, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, मीही तुमच्याच जिल्ह्यातली. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे, तिथं पीएचडीला निवड झाली तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, ‘मंग पैसे किती लागन?’ उलट दर महिन्याला फेलोशिप मिळते, हे पहिली रक्कम खात्यात पडेपर्यंत त्यांना पटलं नव्हतं. घरी आधी हे सांगा.

आता वाया जाण्याबद्दल. जिनिव्हाजवळ सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचं, कण एकमेकांवर आदळवणारं २७ किलोमीटर घेराचं यंत्र जमिनीखाली आहे. तिथल्या सीएमएस प्रयोगाचा एक भाग, बाहेरचा हॅड्रॉन कॅलोरिमीटर, म्हणजे टकरीतून निघालेल्या कणांची ऊर्जा मोजणारं उपकरण, भारतानं उभारला. त्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून कण गेला की बारीकसा प्रकाश पडतो, तो मोजायचा. ४ जुलै २०१२ला हिग्ज बोसॉन हा अनेक वर्षं शोधला जाणारा कण सापडल्याची घोषणा झाली तेव्हा मी विद्यार्थिनी होते. त्या रात्री झोप आली नाही. पुढे यंत्र दुरुस्तीसाठी बंद असताना जुने प्रकाशमापक काढून सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अगदी मंद प्रकाशही टिपणाऱ्या छोट्या चिप, बसवले गेले. तापमान जरा सरकलं की त्यांचं माप बदलतं. त्या बदलाचा हिशेब लावण्यात माझी दोन वर्षं गेली.

आज मी बंगळुरूला एका कंपनीत पेट स्कॅनरवर, म्हणजे कॅन्सरसारखे आजार शोधायला शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या यंत्रावर, संशोधन करते. रुग्णाला टोचलेल्या किरणोत्सारी औषधातून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट भाराचा जोडीदार, निघतो, शरीरातल्या इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघंही नाहीसे होतात आणि प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, विरुद्ध दिशांना सुटतात. दोन्ही जवळपास एकाच क्षणी टिपले गेले, तरच ती जोडी धरायची. टिपतं कोण? एक स्फटिक, आणि त्यामागे तेच सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर. मुलाखतीत मला पहिला प्रश्न तापमानाचाच विचारला होता!

तरी कणभौतिकीतलं संशोधन सोडताना मी रडले, हेही सांगते. पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी दोन-तीन वर्षांची, मग पुन्हा नवा देश. कायमच्या जागा फार थोड्या. बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी परदेशात होते. त्यामुळे प्राध्यापकच व्हायचं, एवढ्या एका आशेवर तिनं जाऊ नये.

तिला विचारा, सर्किट जोडायला, सी प्लस प्लस या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायला, चुकलेलं एक माप महिनाभर शोधत बसायला आवडतं का. आवडत असेल तर जेस्ट, नेट आणि टीआयएफआरची स्वतःची परीक्षा, पीएचडीसाठीच्या या तिन्ही परीक्षांचे अर्ज भरू द्या. बी.एड. पुढेही करता येतं.

आणि मुलाखतीला बोलावलं तर तुम्ही सोबत जा. माझ्या वेळी बाबा कुलाब्याच्या गेटबाहेर सकाळपासून बसले होते. संध्याकाळी मी बाहेर आले तेव्हा भाकरीचा डबा तसाच बांधलेला होता.