श्रीमंती उपजत असते की शिकून येते?

बरीचशी शिकूनच येते, पण हाताशी भांडवल लागतं. आमच्या यवतमाळकडचा कापूसच घ्या. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून ओला असला की गाडी परत. दव सुकल्यावरच वेचायचं, कवडी (किडका, डागी कापूस) वेगळी ठेवायची, घरात ढीग दाबून भरायचा नाही, हे कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. पण कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असली, की हे सगळं येणाऱ्यालाही दिवाळीआधीच खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, पडेल भावाने माल द्यावा लागतो. अशा माणसाच्या अंगात गुणच नाही म्हणणं मला अजिबात पटत नाही. शिकायचंच असेल तर आधी बियाणं, खत, वेचणीची मजुरी, गाडीभाडं सगळं वहीत लिहायला लागा.