औषधाच्या बाटलीचं टोपण

प्रिय पोरी,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. तू घरी आलीस, झोप बरी लागते, पण डावा खांदा इतका ठणकतोय की ‘ऑपरेशन पोटाचं केलं की खांद्याचं?’ असं विचारतेस म्हणे. मला हसू आलं. २००९ साली मुंबईत माझंही तुझ्यासारखंच, वजन उतरवायला जठराभोवती बँड बसवायचं ऑपरेशन झालं, तेव्हा मीही नर्सला नेमकं हेच विचारलं होतं. फोनवर निम्मं विसरायला होतं, म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. तुझ्या सर्जनने दिलेला कागद फ्रिजवर लावलेला असेलच. माझं म्हणणं त्याच्याशी जुळलं नाही, तर कागद खरा.

आधी खांदा. दुर्बिणीने ऑपरेशन करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, म्हणजे आत हात चालवायला जागा होते. शेवटी तो सोडून देतात, पण थोडा मागे राहतोच आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला चुरचुरवतो. त्या पडद्याची नस येते मानेतून, खांद्याचीही तिथूनच. मग मेंदूची गल्लत होते आणि पडद्याची तक्रार तो खांद्याच्या नावावर लिहितो. साधारण चार-पाच दिवसांत हे जातं. खांद्याला गरम पिशवीचा शेक घे, अर्धवट बसती होऊन झोप आणि चाल. स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत, जागी असशील तेवढ्या दर तासाला पाच मिनिटं. चालण्याचं खरं कारण गॅस नाहीच. पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते, ते घट्ट पायमोजे त्यासाठीच दिलेत. कितीही काचले तरी सांगितलेत तितके दिवस काढू नकोस.

उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळ, पाय पलंगाखाली सोड आणि हाताच्या रेट्याने वर ये. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धर. चार-पाच भोकांपैकी एकच जास्त दुखत असेल, जरा मोठं असलेलं. त्याच्या खाली पोर्ट, म्हणजे बँडला नळीने जोडलेली छोटी डबी शिवलीय, पुढे बँड घट्ट करायला त्यात पाणी भरायची सुई तिथे जाणार. ते दुखणारच. पण तिथली जागा लाल, गरम झाली किंवा पाझरायला लागली, तर फोटो मला पाठवत बसू नकोस, क्लिनिकला फोन कर.

आता मुद्द्याचं. तुझा बँड सध्या रिकामा आहे, किंवा जवळजवळ रिकामा. सिलिकॉनची ती रिंग जठराच्या वरच्या भागाला वळसा घालून बसवलीय, वर लहानशा लिंबाएवढी पिशवी उरलीय, आणि बँड जागचा हलू नये म्हणून जठराचाच एक पदर त्याच्यावरून ओढून टाके घातलेत. ते टाके धरायला, बँडभोवती शरीराने आपली पकड तयार करायला आठवडे लागतात. म्हणून पहिलं पाणी साधारण चार ते सहा आठवड्यांनी भरतात. तोवर बँडचं काम सुरूच व्हायचं नसतं. तेव्हा वजनाचा काटा कपाटावर टाकून दे. सलाइनमुळे पहिल्या दिवसांत तो वरसुद्धा जाऊ शकतो. मी रोज सकाळी काट्यावर उभी राहून रडायचे. कशासाठी, तर एका रिकाम्या रिंगेने चार दिवसांत चमत्कार केला नाही म्हणून!

या दिवसांत तुझं काम एकच, ते टाके सांभाळायचे. प्यायचं कसं, काय टाळायचं, हे सगळं त्यापायी आहे.

मला हॉस्पिटलमधून खुणा केलेला एक प्लास्टिकचा पेला मिळाला होता, तो मी तिसऱ्याच दिवशी हरवला. मग खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण घेतलं, १५ मिलिलिटरचं. भरायचं, ओठांना लावायचं, तोंडात घोळवून सोडायचं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचं आणि थोड्या वेळाने दुसरं. पाव तासात दोन टोपणं. फारच थोडं वाटतं ना? हिशेब कर: तासाला १२० मिलिलिटर, दिवसाचे तेरा तास धरले तर दीड लिटरच्या वर. म्हणजे घाई न करताही पुरेसं पाणी पोटात जातं. मला सर्वांत जड गेलं ते हेच. आपण पाणी पितो ते तांब्या तोंडाला लावून, घटाघटा, भर उन्हातून आल्यासारखं. ती सवय मोडायला टोपणासारखं दुसरं काही नाही. स्ट्रॉ नको, तिने हवा आत जाते. सोडा, कोला काही नको. आणि लघवी गडद पिवळी दिसली, चक्कर आली तर समज की टोपणं चुकली आहेत.

काय प्यायचं, यावरून तुझी आई आणि तुझा कागद यांचं भांडण होणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवते. आई म्हणेल, वरणाचं पाणी घे, अंगात ताकद येईल. गरम गरम, हिंग-जिऱ्याचा वास, मनाला फार बरं वाटतं आणि पातळ, गाळलेलं असेल तर जरूर पी. पण त्यात प्रथिनं नावापुरती. तुला दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास सांगितली असतील. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सहा-सात ग्रॅम मिळतात. मग उरलेली आणायची कुठून? आहारतज्ज्ञाने जी पावडर सांगितली असेल ती सायविरहित दुधात नीट मिसळून, टोपणाटोपणाने. चव खडूसारखी लागते. मी त्यात वेलदोड्याची पूड टाकून मसाला दूध असल्याचं स्वतःला पटवायचे. पटायचं नाही, पण घशाखाली उतरायचं. पातळ, गाळलेलं ताक चालेल का तेही विचारून ठेव. ते चाललं तर निम्मी लढाई जिंकलीस.

गोळ्यांचंही असंच. मोठी गोळी अख्खी गिळायची नाही. पण फोडण्याआधी फार्मासिस्टला विचार, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. आईच्या पर्समध्ये अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅक हमखास सापडेल. प्रेमाने पुढे करेल. घेऊ नकोस. बँडखालच्या जठराला त्या सोसत नाहीत. दुखण्यावर दिलेल्या औषधाने पोट साफ होणार नाही, त्यावरचं सौम्य औषध आधीच मागून घे. लाजून चार दिवस कुंथत बसलीस तर टाक्यांवर ताण येतो.

आता माझा मूर्खपणा ऐक. अकरावा दिवस होता. शेजारी सत्यनारायण होता. मी लोकांना सांगितलं होतं ‘हर्नियाचं ऑपरेशन’, त्यामुळे प्रसाद नाकारायला कारण नव्हतं. द्रोणात शिरा, वर केळ्याची चकती. केळं बाजूला केलं आणि शिरा घेतला तो बोटाच्या पेराएवढा. मऊ तर आहे, म्हटलं. गिळला. दोन मिनिटं काही नाही. मग छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळल्यासारखं झालं. तोंडात लाळ सुटायला लागली, दाट, फेसाळ, थांबेचना आणि गिळताही येईना, कारण खाली रस्ताच बंद. आरती सुरू झाली होती. मी मागच्या मोरीत ओणवी होऊन तोंडातून तारा काढत होते आणि बाहेर टाळ्या वाजत होत्या. बरीच उबळ आली तेव्हा कुठे तो कण सुटला. रात्री सर्जनला फोन केला. ते रागावले नाहीत, पण आवाज बदलला. कारण जोराच्या उलटीने ते टाके सुटू शकतात आणि खालचं जठर बँडमधून वर सरकू शकतं. मग पुन्हा ऑपरेशन. माझं निभावलं. परत पातळ पेयांवर आणून ठेवलं.

रवा, भात, पोळी, ब्रेड हे ‘मऊ’ नसतं, हे मला त्या मोरीत कळलं. ते फुगतं, चिकटतं, त्याचा लगदा होतो. आणि खोटं बोलल्याची किंमतही कळली. निदान दोन माणसांना खरं सांग. एक घरातलं, एक ऑफिसमधलं, ज्याला पार्टीत तुझी बशी गुपचूप उचलता येईल.

आणखी एक, जे कागदावर बहुधा नसेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सूज उतरते आणि भूक परत येते. अशी-तशी नाही, चांगली कडकडून. बँड रिकामा, टाके कच्चे आणि पोटात आग. ज्यांनी बँड बसवलाय ते या दिवसांना सरळ नरक म्हणतात. तुला वाटेल ऑपरेशन फसलं, पैसे पाण्यात गेले. तसं नसतं, अजून ते सुरूच झालेलं नाही. त्या दिवसांत क्लिनिकला फोन कर, पुढचा टप्पा कधी ते विचार, संध्याकाळी बाहेर फिरायला जा आणि खाण्याचे व्हिडिओ बघू नकोस. मी बघायचे. रात्री दोन वाजता मिसळीचे!

हसण्यावारी न्यायच्या नाहीत अशा गोष्टी: ताप, शांत बसलेली असताना नाडीचे ठोके १२० च्या वर, स्वतःची थुंकी गिळता न येणं, थांबत नसलेली उलटी, वाढत जाणारी पोटदुखी. यातलं काहीही झालं तर त्याच वेळी, रात्री-अपरात्री क्लिनिकला फोन. एकच पोटरी सुजून दुखायला लागली तरी तसंच. आणि छातीत दुखणं किंवा धाप असेल तर कुणाला विचारत न बसता तिकडचा, ऑस्ट्रेलियातला तातडीचा नंबर ०००.

इथे आता बँड फार कमी बसवतात. ज्याला त्याला स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढायचं ऑपरेशन सांगतात, आणि माझ्या वेळच्या काही जणींचे बँड पुढे काढावेही लागले. तू मेलबर्नला बसून सगळं वाचून ठरवलंस, जठर कापायचं नाही म्हणालीस, त्यावर मी काही बोलणार नाही. माझा अजून आहे. वजन एकतीस किलो उतरलं, त्यातले सात परत आले, बाकीचे गेले ते गेले.

तुझी आई पुढच्या गुरुवारी निघतेय. डिंकाचे लाडू वळायला घेतलेत, ‘ऑपरेशन झालेल्या बाईला डिंकच लागतो’ म्हणून. तिकडच्या विमानतळावर खाण्याचे जिन्नस काटेकोर तपासतात, असं सांगून पाहिलं. ऐकत नाही. शनिवारी तिच्याकडे जाऊन मीच डबा काढून घेते. माझ्या बँडला बारीक चावून अर्धा लाडू चालतो.

तुझी,
मावशी