टेंडरशिवाय खरेदी आणि रॅपिड किटचा किस्सा

"माणसं मरत असताना टेंडर काढत बसायचं का?" हा कोविडमधल्या टेंडरशिवाय खरेदीवरचा तुमचा सवाल रास्त आहे. नाही बसायचं. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांमधला (जीएफआर २०१७) नियम १६६ आणीबाणीत एकाच पुरवठादाराकडून माल घेऊ देतोच. कारण फाइलवर नोंदवायचं आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची, एवढंच. भांडार विभागात हयात गेली माझी. एक टिपणी लिहायला किती वेळ लागतो ते ठाऊक आहे.

पण टेंडर किंवा कोटेशनं झाली की भाव रास्त असतो, हाही भ्रमच. एप्रिल २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) वोंडफो या चिनी कंपनीचे कोविड तपासणीचे ५ लाख रॅपिड अँटीबॉडी किट मागवले. दर आले होते चार: १२०४, १२००, ८४४ आणि ६०० रुपये. ६०० वाला एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा. कागदोपत्री सगळं चोख. आणि तोच किट आयातदाराला भाड्यासकट पडत होता २४५ रुपयांना!

हे ऑडिटने नाही शोधलं. आयातदार आणि वितरकाचं पैशावरून फाटलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे भाव उघडा पडला. २४ एप्रिलला न्यायालयाने जीएसटी धरून ४०० ची मर्यादा घातली. त्या दोघांचं गूळपीठ टिकलं असतं तर आपल्याला कळलंही नसतं.

पुढे किटच सदोष निघाले, ऑर्डर रद्द झाली. आगाऊ पैसे दिले नव्हते, म्हणून एक रुपयाही बुडाला नाही, असं सरकारने सांगितलं. थेट कंपनीकडून घ्यायचं तर १०० टक्के आगाऊ रक्कम हवी होती, तीही हमीशिवाय. म्हणजे मधल्या माणसाने जोखीम घेतली होती. सगळा फरक लुटीचाच होता असं मी म्हणणार नाही. पण जोखमीची किंमत किती, हे विचारायला आयातीची बिलं दरपत्रकासोबतच मागायला हवी होती.

ब्रिटनमध्ये कोविडची कंत्राटं ३० दिवसांत जाहीर केली नाहीत म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने आरोग्य खात्याला दोषी धरलं. मुदत नियमातच होती, म्हणून जाब विचारता आला.

तुमच्या नगरपालिकेबद्दल शंका असेल तर माहिती अधिकारात नुसता दर विचारू नका. दरांचा तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, माल तपासणीचा अहवाल आणि कार्योत्तर (खरेदीनंतर दिलेल्या) मंजुरीचा ठराव, चारही प्रती मागा. तारखा एकमेकींशी जुळवून पाहा.